अब्बांचं नख आणि प्रकाशाचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात अब्बांना घेऊन पुण्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये गेलो होतो. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. तीसेक वर्षं बंद बूट घालून त्यांनी गाडी चालवली. निवृत्तीनंतर बूट सुटले, पण उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड आणि भुसभुशीत झालं. दुखत नव्हतं. पण वुजू करताना दिवसातून पाच वेळा पाय धुवायचे, म्हणजे ते नख पाच वेळा चारचौघांत दिसायचं. हळूहळू अब्बा हौदावर कोपऱ्यातली जागा धरू लागले. त्यात शुगर, म्हणजे पायाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

क्लिनिकमधल्या बाईंनी नखाकडे ओझरतं पाहिलं आणि लेसरचं पॅकेज पुढं केलं. चार सिटिंग, अठ्ठावीस हजार रुपये. मी विचारलं, “बुरशीच आहे कशावरून? तपासणी नको का?” त्या म्हणाल्या, “बघूनच कळतं सर. लेसर सगळ्यात लेटेस्ट आहे.” अठ्ठावीस हजार म्हणजे अब्बांची नऊ महिन्यांची पेन्शन. विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी येऊन वाचायला बसलो. जे सापडलं, ते सांगण्यासारखं आहे.

नखाला बुरशी लागते, हे वैद्यकशास्त्राला कळून फार काळ झालेला नाही. गेओर्ग माइसनर नावाच्या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्यानं 1853 साली तिचं पहिलं वर्णन केलं. आज जगभर नखात जी बुरशी सर्वाधिक सापडते, तिचं नाव ट्रायकोफायटॉन रुब्रम. 1910 मध्ये आल्दो कास्तेलानी या इटालियन डॉक्टरानं तिची नोंद केली. आग्नेय आशिया आणि आसपासचा प्रदेश हे तिचं मूळ घर मानलं जातं. तिथले लोक अनवाणी चालत, त्यांच्यात ती अंगावर चट्ट्यांच्या रूपात असे. वसाहतींमध्ये आलेले गोरे शिपाई आणि अधिकारी मात्र दिवसभर बूट-मोजे घालत. बुरशीला त्या बुटांत ऊब मिळाली, ओल मिळाली. पुढं जहाजं, युद्धं आणि प्रवासी यांच्याबरोबर ती युरोप-अमेरिकेत पोचली. थोडक्यात, हा आजार जितका बुरशीचा तितकाच बुटाचा. अब्बांची तीस वर्षं आठवा.

आता प्रकाशाकडे येऊ. त्वचेचा रोग प्रकाशानं बरा करण्याची कल्पना लेसरहून बरीच जुनी आहे. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्वचेच्या क्षयरोगावर दिव्याच्या केंद्रित प्रकाशाचे उपचार सुरू केले. 1896 मध्ये कोपनहेगनला त्यांची संस्था उभी राहिली आणि 1903 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चेहरा विद्रूप झालेल्या रुग्णांसाठी हा मोठा आधार होता. तेव्हापासून ‘किरण’ या शब्दाला एक वजन आलं.

पण याच वजनाची दुसरी बाजूही आहे. 1904 च्या सुमारास पॅरिसमध्ये रेमाँ साबुरो यांनी मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावर क्ष-किरणांची पद्धत बसवली. किरणांनी केस गळायचे, त्यांच्याबरोबर बुरशीही जायची. नायटा जीवघेणा नव्हता, पण मुलांना शाळेबाहेर बसवलं जाई. म्हणून पन्नास वर्षं हा उपचार अनेक देशांत चालला. इस्रायलमध्ये 1948 नंतर मोरोक्को आणि इतर अरब मुलखांतून आलेल्या ज्यू कुटुंबांच्या हजारो मुलांना हे किरण देण्यात आले. 1974 मध्ये बारुख मोदान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या मुलांमध्ये पुढं मेंदूच्या गाठी आणि थायरॉइडचा कर्करोग अधिक आढळत होता. 1994 साली त्या देशाला नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. लेसर म्हणजे क्ष-किरण नव्हे, ही तुलना धोक्यापुरती नाही. मुद्दा इतकाच, की साध्या आजारावर नवं यंत्र चालवताना प्रश्न विचारायचे राहून जातात आणि ज्यांचा आवाज लहान, त्यांच्या बाबतीत तर हमखास राहून जातात.

क्ष-किरणांचा हा प्रकार थांबला तो मुख्यतः एका गोळीमुळं. ग्रिसिओफुल्व्हिन हे द्रव्य 1939 मध्येच एका बुरशीतून वेगळं काढलेलं होतं. पण ते पोटातून दिलं तर त्वचेच्या बुरशीवर चालतं, हे 1958 मध्ये गिनीपिगांवरच्या प्रयोगातून कळलं. पायाच्या नखासाठी मात्र ही गोळी वर्ष-वर्ष घ्यावी लागे. नव्वदच्या दशकात टर्बिनाफिन आलं आणि तो काळ बारा आठवड्यांवर आला. सगळेच यानं बरे होत नाहीत, काहींना पुन्हा होतं, आणि आधी यकृत तपासून घ्यावं लागतं.

आणि लेसर? 16 मे 1960 रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. याचं करायचं काय, हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी लगेच त्वचेवर प्रयोग सुरू केले. पुढचं पाऊल वाचताना मात्र मी थांबलो. 1964 मध्ये बेल लॅब्समध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला तो सी. कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, 1938 चा. शिक्षण पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात. शस्त्रक्रियेत ऊती कापायला हा लेसर जगभर वापरला गेला. नखाला बारीक छिद्रं पाडून औषध आत पोचवायलाही तो वापरतात. बारामतीच्या स्टँडवर अब्बांनी कैक वेळा गाडी लावली असेल. हे नाव आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

नखाच्या बुरशीवर जास्त चालतो तो निओडिमियम-याग लेसर. तोही 1964 मध्ये बेल लॅब्समध्येच निघाला. 1983 मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी एक तत्त्व मांडलं: शरीरातला एखादा रंग जो प्रकाश शोषतो, तो नेमका निवडला तर आजूबाजूला इजा न करता तेवढाच भाग तापवता येतो. जन्मखुणा, नको असलेले केस यांवर हे तत्त्व छान लागू पडतं. नखातल्या बुरशीची अडचण इथंच आहे. केसातल्या काळ्या रंगासारखी ठळक खूण तिच्याकडे नाही. बुरशी मरेल इतकं तापवलं तर नखाखालचं मांसही पोळतं, आणि कमी तापवलं तर बुरशी वाचते.

म्हणूनच 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा पहिल्या लेसरला परवानगी दिली, तेव्हा शब्द जपून वापरले. परवानगी होती ती नख ‘तात्पुरतं’ अधिक स्वच्छ दिसण्यासाठी. बुरशी बरी होते, असं त्यात म्हटलेलं नाही. जाहिरातीत हा ‘तात्पुरतं’ शब्द सहसा दिसत नाही.

आणखी एक गोष्ट कळली. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी असते. बाकीची सोरायसिस, मार किंवा घट्ट बुटामुळं बिघडतात. बघून कळत नाही, नखाचा तुकडा तपासावा लागतो.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नख खरवडून तपासायला पाठवलं. बुरशी निघाली. यकृत तपासलं, बारा आठवडे गोळ्या झाल्या. सगळा खर्च पॅकेजच्या आठव्या हिश्श्यातही बसला. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, एवढीच त्यांची ताकीद होती. पायाचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. अब्बांचं आता मुळाकडून निम्मं स्वच्छ आलंय.

लेसरला मी वाईट म्हणत नाही. ज्यांना गोळ्या चालत नाहीत, त्यांना त्याची थोडीफार मदत होऊ शकते. पण हा उपचार किती जणांना आणि किती काळ उपयोगी पडतो, हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं.

हे सगळं मी अब्बांना वाचून दाखवलं. बारामतीच्या पटेलांचं ऐकून ते खूश झाले. मग म्हणाले, “त्या बाईला जाऊन सांग, लेटेस्ट नाही ते. साठ सालचं आहे, माझ्याच वयाचं.”