खरखरीचा माग

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि तह यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय त्या मानाने छोटा वाटेल. खिशातल्या म्युझिक प्लेअरवर गाणं लावलं की त्याच्यामागे जो नको असलेला आवाज येत राहतो, त्याबद्दल बोलायचं आहे. माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेली. कानाला हेडफोन लावून बसणं हाच धंदा, त्यामुळे या आवाजाशी माझी जुनी ओळख. आणि त्याला इतिहास आहे, चांगला शंभर वर्षांचा.

मराठीत आपण सरसकट ‘खरखर’ म्हणतो, आणि गल्लत तिथेच सुरू होते. नव्या ऑपरेटरला मी आधी आवाज वेगळे करायला लावत असे. एक असतो तो एकसारखा वाहणारा ‘सूं’, नळ दूरवर उघडा राहिल्यासारखा. दुसरा फोडणीसारखा ‘तडतड’ करणारा. तिसरा खालच्या पट्टीतला ‘घूं’. तडतड बहुधा सैल पिन, मळलेलं सॉकेट किंवा आतून तुटत आलेली तार यांची. घूं विजेच्या मेन्सचा, म्हणजे चार्जर काढला की तो गेला पाहिजे. आणि सूं हा सगळ्यात हट्टी. तो यंत्राच्या अंगातूनच येतो. कोणता आवाज आहे हे न ठरवता लोक दुकानात जातात आणि नवा इअरफोन घेऊन येतात. आवाज तसाच राहतो.

आधी आवाज ओळखा, मग त्याचा माग काढा. या पद्धतीचं सर्वांत सुंदर उदाहरण एका तरुण अमेरिकन इंजिनिअरचं आहे. कार्ल जान्स्की त्याचं नाव. अटलांटिकपार रेडिओ-टेलिफोनवर खरखर येत होती, ती कुठून येते ते शोध, एवढंच काम बेल प्रयोगशाळेने त्याला दिलं होतं. न्यू जर्सीत होल्मडेल इथे त्याने एक लांबलचक अँटेना उभारली आणि ती जुन्या फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसवली. वीस मिनिटांत तिचा एक फेरा पूर्ण व्हायचा. लोक गमतीने तिला जत्रेतला चक्री पाळणा म्हणत.

जान्स्कीने आवाजांचे तीन गट केले. जवळच्या वादळांच्या विजांची कडकड, दूरच्या वादळांची खरखर, आणि तिसरा एक बारीक, सतत ‘सूं’ करणारा, ज्याचं मूळ सापडेना. सुरुवातीला संशय सूर्यावर गेला. पण महिनोन्‌महिने नोंदी ठेवल्यावर दिसलं की हा आवाज रोज चार मिनिटं आधी शिगेला पोचतो. म्हणजे त्याचं चक्र २४ तासांचं नाही, २३ तास ५६ मिनिटांचं आहे. एवढ्याच वेळात पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात एक फेरा पुरा करते. सूर्य निर्दोष सुटला. आवाज आकाशगंगेतून, धनू राशीच्या दिशेने येत होता. १९३३ साली हे जाहीर झालं आणि त्यातून रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म झाला. माणूस बसला होता टेलिफोनचा बिघाड शोधायला! चार मिनिटांचा तो फरक दुसऱ्या कुणी ‘घड्याळाची चूक’ म्हणून सोडून दिला असता.

आता यंत्राच्या अंगातल्या सूंकडे येऊ. त्याच बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचेही निबंध १९२८ सालचे, आणि दोघांचाही जन्म स्वीडनमधला. मर्म एवढंच की कोणत्याही तारेतले, रोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत थरथरत असतात. ती थरथर वाढवून कानापर्यंत आणली की सूं ऐकू येतो. वस्तू गरम आहे तोवर तो राहणार. तो कमी करता येतो, शून्य करता येत नाही. ‘झिरो नॉइज’ लिहिलेला खोका दिसला की मला हसू येतं ते यामुळे.

कॅसेटच्या जमान्यात या सूंमध्ये मोठी भर पडली. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट आणली, ती मुळात बोललेलं टिपून घेण्यासाठी. फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतली मोठी टेप त्याच्या आठपट, ३८ सेंटिमीटर वेगाने धावायची. फितीवर चुंबकीय कण असतात. डोक्याखालून, म्हणजे हेडखालून, जितकी कमी फीत जाईल तितके कण कमी आणि त्यांचा खडबडीतपणा जास्त ऐकू येणार. टेबलावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये आपल्याकडे हे फारसं कुणाला जाणवलं नाही, कारण डोक्यावर पंखा फिरत असायचा. जुलै १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि स्पीकर थेट कानावर बसला. पंखा बाहेर राहिला, सूं आत आला.

इथे आपल्या देशाचा थेट संबंध येतो, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. रे डॉल्बी हा अमेरिकन माणूस, केंब्रिजचा भौतिकशास्त्राचा डॉक्टर. १९६३ ते १९६५ ही दोन वर्षं तो भारतात होता. चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत युनेस्कोचा सल्लागार म्हणून. टेपवरचा सूं दाबण्याच्या त्याच्या कल्पनेने आकार घेतला तो याच मुक्कामात. १९६५ साली त्याने लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली, आणि पुढच्याच वर्षी डेक्का कंपनी त्याची पद्धत स्टुडिओत वापरू लागली.

कल्पना अशी. संगीत जोरात असतं तेव्हा सूं त्याखाली झाकून जातो, आपल्याला त्रास होतो हळू जागांना. म्हणून रेकॉर्ड करतानाच हळू जागांमधला वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम उचलायचा. मग तो फितीवर जातो आणि फितीचा सूं त्यात मिसळतो. वाजवताना नेमका तेवढाच आवाज खाली आणायचा. गाणं मूळ जागी येतं आणि त्याच्याबरोबर सूंही खाली ढकलला जातो. घरगुती कॅसेटसाठीची साधी आवृत्ती, ‘डॉल्बी बी’, १९६८ साली आली. वरच्या पट्टीत ती सूं सुमारे १० डेसिबलने उतरवते. म्हणजे त्याची शक्ती दहाव्या हिश्श्यावर येते, आणि कानाला तो निम्मा वाटतो.

यातली खरी हुशारी वेळेची आहे, असं मला वाटतं. शत्रू आत शिरण्याआधीच बंदोबस्त करायचा. एकदा सूं आवाजात मिसळला, की कोणता कण गाण्याचा आणि कोणता फितीचा, हे निवडणं तांदळातले खडे निवडण्यासारखं राहत नाही. ते पिठात मिसळलेलं मीठ होतं.

जाता जाता एक सांगतो, महाराष्ट्राबाहेर वाढलेल्यांना कदाचित नवं असेल. आमच्याकडे मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर रचून जो दणका करतात, त्याला लोक ‘डॉल्बी’ म्हणतात. ज्या माणसाने नको असलेला आवाज कमी करण्यात हयात घालवली, त्याचं नाव आम्ही गोंगाटाला दिलं.

प्लेअरवरच्या डॉल्बीच्या बटणाचंही असंच झालं. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटींचा पूर आला. त्यांतल्या कितीतरी डॉल्बीशिवाय भरलेल्या असत. पण प्लेअरवर बटण आहे म्हणजे ते दाबायचंच! मग सूं कमी व्हायचा आणि गायकाने तोंडावर टॉवेल धरल्यासारखं ऐकू यायचं. उचललेलंच नव्हतं, ते खाली आणलं जात होतं.

ही गोष्ट आज का महत्त्वाची आहे ते सांगतो. त्या काळी माझ्या युनिटमधले कित्येक जवान पत्राऐवजी कॅसेट भरून घरी पाठवत. घरूनही कॅसेट यायची. म्हातारी आई बोलायची, मागे कोंबडा आरवायचा, पोर रडायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा आवाज जगात फक्त तिथेच उरला आहे. आता त्यांची मुलं-नातवंडं या कॅसेटी मोबाइलवर उतरवतात आणि पहिलं काम काय करतात, तर ‘नॉइज रिमूव्ह’ दाबतात. सूं जातो. पण आपल्या ‘स’ची बरीचशी ताकद ४,००० हर्ट्‌झच्या वर असते, आणि कॅसेटचा सूं कानाला टोचतो तोही तिथेच. अविचाराने कापलं की ‘स’ आणि ‘फ’ सारखेच ऐकू येतात. जुन्या टेलिफोनवर आणि वायरलेसवर वरची पट्टी पोचायचीच नाही, म्हणून तर आम्ही ‘सिएरा’, ‘फॉक्सट्रॉट’ असं फोड करून सांगायचो. आईला तसं सांगायला कोण लावणार?

आमच्या सेटवर ‘स्क्वेल्च’ नावाची खुंटी असे. ती पिळली की रिकाम्या वेळचा सूं बंद व्हायचा आणि कानाला आराम मिळायचा. पण जास्त पिळली तर दूरच्या चौकीचा क्षीण आवाजही सेट गिळून टाकायचा. म्हणून रात्रीच्या ड्यूटीला माझी सूचना ठरलेली असे, खुंटी सैल ठेवा आणि खरखर ऐका. खरखर ऐकू येते आहे म्हणजे सेट जिवंत आहे.

तेव्हा आता कामाचं. डिजिटल प्लेअर असेल तर आवाज पूर्ण शून्यावर आणा. तरीही सूं तेवढाच राहिला, तर तो व्हॉल्यूमच्या पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आहे. गाणं बदलून उपयोग नाही, कमी संवेदनशील इअरफोन लावून पाहा. आवाजाबरोबर सूं वाढत असेल, तर तो आधीच्या टप्प्यातला किंवा खुद्द रेकॉर्डिंगमधला. दुसरं गाणं लावा, लगेच कळेल. चार्जर काढा. पिन हलवून पाहा. जवळ जुना टू-जी मोबाइल असेल आणि मध्येच ‘टर्र-टर्र’ येत असेल, तर मोबाइल दूर ठेवा. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटके देऊन बोलतो, तेच झटके तुम्हाला ऐकू येतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशाने गुण आला ते कळत नाही.

कॅसेट उतरवायची असेल तर आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. डॉल्बीचं बटण बंद ठेवा, खोक्यावर खूण असेल तरच चालू करा. पहिली प्रत सूंसकट, काहीही न कापता, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये घ्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. जी काय साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.