भीमाकाठचे सन्नती आणि आपली जबाबदारी



भीमा नदी आपल्याला ठाऊक आहे ती कोरेगावची नि पंढरपूरची. पण हीच नदी सोलापूर जिल्हा मागे टाकून कर्नाटकात जाते. तिथे कलबुर्गी जिल्ह्यात तिच्या काठी सन्नती नावाचे लहानसे गाव आहे. सम्राट अशोकाच्या इतिहासात या गावाचे स्थान फार मोठे आहे, आणि आपल्या घराघरांत ते माहीत असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

सन्नतीला चंद्रलांबा देवीचे प्राचीन देवस्थान आहे. त्याच्या आवारातल्या काली मंदिराचे छत १९८६ साली कोसळले व मूर्ती भंगली. मूर्तीखालच्या पीठाची शिळा उघडी पडली, तर तिच्यावर ब्राह्मी अक्षरे! जाणकारांनी वाचून पाहिले, तो अशोकाचा शिलालेख निघाला. शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली. पीठासाठी कुणीतरी तिच्या मधोमध भोक पाडलेले, त्यात कित्येक अक्षरे कायमची गेली.

त्या शिळेवर अशोकाचा बारावा शिलालेखही आहे. त्याचा आशय असा, की जो आपल्याच पंथाची थोरवी गातो नि दुसऱ्याच्या पंथाला नावे ठेवतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. म्हणून भोक पाडणाऱ्या पाथरवटाला आम्ही दोष देत नाही. ती लिपी लोक केव्हाच विसरून गेले होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली. वाचता येत नाही त्याला लेख काय नि धोंडा काय, सारखेच! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला शिवू दिले नाही त्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

सन्नतीजवळच कनगनहळ्ळी आहे. तिथे १९९४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने उत्खनन केले आणि एका भव्य स्तूपाचे अवशेष बाहेर आले. तिथल्या लेखात त्याचे नाव ‘अधोलोक महाचैत्य’ असे आहे. त्यातल्या एका शिल्पात राजा, राणी व सेविका आहेत, आणि वर अशोक राजाचे नाव ब्राह्मीत कोरलेले आहे. बहुतेक शिलालेखांत तो स्वतःला ‘देवानंपिय पियदसि’ म्हणवतो. ‘अशोक’ हे नाव असलेला लेख १९१५ साली रायचूर जिल्ह्यात मस्की येथे सापडला. म्हणजे रायचूर जिल्ह्यात नाव मिळाले, नि भीमेच्या काठी नावासकट चेहरा!

एवढा मोलाचा ठेवा, पण पुढे काय झाले? कोरीव शिळा वर्षानुवर्षे उघड्यावर, ऊनपावसात पडून राहिल्या. जतनाचे काम २०२२ साली हाती घेतले गेले. जमिनीखाली दोन हजार वर्षे जे टिकले, ते वर काढल्यावर सांभाळायला आपण कमी पडावे, ही शरमेची गोष्ट आहे. सरकारने करायचे ते सरकारने केलेच पाहिजे. पण लोकांचा डोळा असल्याशिवाय सरकार हलत नाही, हे आम्ही गिरणी कामगार अनुभवाने जाणतो.

तेव्हा आपण काय करावे? सहलीची वर्गणी काढतो तेव्हा एकदा सन्नतीचाही विचार करावा. मुंबईहून सोलापूर, कलबुर्गी करून वाडी जंक्शनला जाणाऱ्या गाड्यांचाच तो मुलूख आहे. कोणत्याही लेण्यावर, स्तूपावर आपले नाव कोरू नये, रंग फासू नये. मेणबत्त्या-अगरबत्त्या शिल्पाला चिकटून लावू नयेत, काजळी दगडाला खाते. आठवण म्हणून तुकडा उचलून आणू नये. गावाकडे नांगराला वा घराच्या पायात कोरीव दगड लागला, तर तो न हलवता तहसील कचेरीत कळवावे. आणि विहारात मुलांना ब्राह्मीची मुळाक्षरे शिकवावीत. फार अवघड नाहीत, आम्ही चाळीतल्या दिव्याखाली शिकलो.

ज्याला अक्षर कळते, तो दगडाला भोक पाडत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!