साध्या शिलाई यंत्रावर कापडाच्या कडा पक्क्या करणे

कापलेल्या कापडाच्या कडेतून धागे सुटू नयेत म्हणून ती कड शिवून, दुमडून किंवा झाकून घेतात; या कृतीस कड पक्की करणे म्हणतात. तयार कपड्यांच्या कारखान्यांत हे काम ओव्हरलॉक यंत्रावर होते. हे यंत्र कड कापते आणि त्याच वेळी तिच्याभोवती दोऱ्यांचे वेटोळे घालते. अमेरिकेतील मेरो कंपनीने १८८१ साली असे यंत्र तयार केले. महाराष्ट्रातील शिंपीकामाच्या बोलीत या शिलाईस सर्रास 'इंटरलॉक' म्हटले जाते. वस्तुतः इंटरलॉक हा निराळा प्रकार आहे. घरगुती पायमशीन फक्त सरळ टीप घालते. तरीही दुमड, टीप आणि थोडी हातशिलाई यांच्या आधारे तिच्यावर कड उत्तम रीतीने पक्की करता येते.

दशा सुटण्याची कारणे

मागावरच्या कापडात उभे व आडवे धागे एकमेकांना केवळ विणीने धरून असतात. कापडाच्या मूळ काठाशी आडवा धागा वळून परत येतो, म्हणून काठ सुटत नाही. हे साध्या धोट्याच्या मागाविषयी खरे आहे. बिनधोट्याच्या आधुनिक मागांवर आडवा धागा प्रत्येक फेरीला कापला जातो, त्यामुळे तेथे काठ वेगळ्या रीतीने बांधावा लागतो आणि त्याच्या कडेला बारीक झालर दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू झाला. आज त्या शहरात दोन्ही प्रकारचे माग चालतात. त्यामुळे तेथील कापड घेताना काठ पाहिला, तर ते कोणत्या मागावरचे आहे याचा अंदाज बांधता येतो.

कात्रीने कापलेली कड मात्र कोणत्याही मागाच्या कापडाची उघडीच असते. घट्ट विणीच्या पॉपलीनच्या दशा कमी सुटतात. रेशमी किंवा कृत्रिम रेशमी खण, साटीन आणि जॉर्जेट यांच्या भराभर सुटतात. उरेब, म्हणजे तिरके कापलेले कापड सरळ कापलेल्यापेक्षा कमी सुटते. होजिअरीचे कापड सहसा सुटत नाही, ते गुंडाळले जाते.

पद्धती

सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येक कड सुमारे ५ मिलिमीटर उलट बाजूस दुमडून तिच्यावर सरळ टीप घालणे. सुती ब्लाउज, परकर व मुलांचे कपडे यांना ती पुरते. जाड कापडाला मात्र दुमडीमुळे शिवणीवर उंचवटा येतो.

पातळ कापडासाठी फ्रेंच शिवण अधिक चांगली. यात कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून कडेपासून ५ ते ६ मिलिमीटरवर पहिली टीप घालतात. मग कडा सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत कातरून कापड उलटवतात आणि सुलट बाजू एकमेकींना लावून पुन्हा टीप घालतात. उघडी कड दोन टिपांच्या आत कायमची बंद होते. कातरण्यात आळस केला तर सुटे धागे दुसऱ्या टिपेतून बाहेर डोकावतात, आणि ते मागाहून काढता येत नाहीत. वळणदार मुंढ्याला ही शिवण अवघड जाते.

शर्टाच्या बाजूंना आणि जीनला चपटी शिवण वापरतात: एक कड अर्धी कातरून दुसरीने तिला झाकतात व वरून टीप घालतात. अस्तर नसलेल्या जाकिटाच्या कडा उरेब पट्टीच्या गोटात बंद करतात. गोटासाठी पट्टी ४५ अंशांत कापली तरच ती वळणावर बसते.

यंत्रावर झिगझॅगची सोय असल्यास सुई एकदा कापडात व एकदा कडेच्या किंचित बाहेर पडेल असे अंतर ठेवतात. पातळ कापड आत गोळा झाल्यास दोऱ्याचा ताण कमी करावा लागतो. साडीला पिको करणारे यंत्रही याच जातीचे असल्याने पिकोच्या दुकानातून अशा कडा करून घेता येतात. झिगझॅग नसेल, तर कडेजवळ एक सरळ टीप घालून तिच्याबाहेर हाताने तिरके टाके घालतात. हे काम वेळखाऊ असले तरी खणाच्या चोळीला याइतके दुसरे काही शोभत नाही.

मायेचा प्रश्न

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. ब्लाउज पुढे सैल करता यावा आणि शाळेचा गणवेश आणखी एक वर्ष चालावा, म्हणून ती मुद्दाम रुंद ठेवली जाते. ओव्हरलॉक यंत्राची पाती नीट सांभाळली नाही तर मायाच कापली जाते. फ्रेंच व चपट्या शिवणीतही माया उरत नाही. म्हणून जो कपडा वाढवावा लागणार आहे, त्याच्या दोन्ही कडा स्वतंत्र दुमडून टीप घालणे हाच योग्य मार्ग ठरतो. बाजूंना २ ते ३ सेंटिमीटर माया असल्यास आतली मुख्य टीप उसवून कपडा सैल करता येतो आणि कडेची टीप तशीच राहते.

कोल्हापूर परिसरातील वाकळेतही हेच तत्त्व दिसते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून बाहेरच्या कडा आत वळवतात आणि साध्या धावदोऱ्याने भरगच्च शिवतात. त्यासाठी यंत्रही लागत नाही.

पूर्वतयारी

सुती कापड शिवण्याआधी धुऊन आटवावे लागते, अन्यथा पहिल्या धुण्यात कडेची टीप चुरगळते. पातळ कापडाला ११ क्रमांकाची, मध्यम कापडाला १४ क्रमांकाची सुई वापरतात. टाक्याची लांबी २ ते २.५ मिलिमीटर ठेवतात. त्याच कापडाच्या तुकड्यावर आधी टीप घालून, तो तुकडा चोळून धुऊन पाहिला की कोणती रीत टिकेल ते कळते.