स्टिअरिंग कुणाच्या हातात?

'अस्फाल्ट 9' मी निन्टेंडो स्विचवर खेळतो म्हटलं की ऑफिसातला एक कलीग हमखास म्हणतो, "अरे, तो तर मोबाईल गेम!" त्याला कोण सांगणार, की या मालिकेतला पहिला गेम, 'अस्फाल्ट: अर्बन जीटी', 2004 च्या अखेरीस आला तोच मुळी निन्टेंडो डीएस आणि नोकियाच्या एन-गेजवर. म्हणजे हा घरचाच मुलगा, परगावी नोकरी करून परत आलेला :)

एन-गेजबद्दल थोडं सांगायलाच हवं. 2003 साली आलेला हा अर्धा फोन, अर्धा कन्सोल. स्क्रीन उभा, 176 बाय 208 पिक्सेल, प्रोसेसर 104 मेगाहर्ट्झचा. आणि कहर म्हणजे गेमचं कार्ड बदलायला आधी बॅटरी काढायची! (डिझाईन रिव्ह्यूत हे पास कसं झालं, देव जाणे.) 2004 च्या क्यूडी मॉडेलमध्ये ते सुधारलं. पण काही म्हणा, बटणं होती. गाडी वळायची ती तुमच्या अंगठ्याने.

2007 मध्ये आयफोन आला आणि बटणंच गेली. मग गेमलॉफ्टने अख्खा फोन स्टिअरिंगसारखा तिरका करायला लावला. बसमध्ये खेळून बघा, शेजारचा सरकून बसतो. शेवटी 2018 च्या अस्फाल्ट 9 मध्ये टचड्राइव्ह आलं. वळवायचं काम गेमच करतो, तुम्ही रस्ता निवडायचा आणि ड्रिफ्ट-नायट्रोची वेळ साधायची. काचेवर नीट वळवता येत नाही? मग वळवूच नका! इंजिनिअर म्हणून मला हे जाम आवडलं.

ऑक्टोबर 2019 मध्ये हाच गेम स्विचवर आला. तिथे दोन स्टिक, भरपूर बटणं. दुखणं नाही, तरी औषध सोबत आलंच. टचड्राइव्ह बंद करता येतं, मी पहिल्याच दिवशी केलं. पण फोनवरून आलेल्या दुसऱ्या गोष्टीला असं बटण नाही. डीएसवर कार्ड एकदा विकत घेतलं की व्यवहार संपला. 2013 चा अस्फाल्ट 8 आधी विकत मिळायचा, नंतर फुकट झाला, आणि गल्ला दुकानातून उठून गेमच्या आत येऊन बसला. आता गाडी हवी तर ब्लूप्रिंट जमवा, नाहीतर पैसे मोजा. मला आठवड्यातून शनिवारचा एक तास मोकळा मिळतो, तो यात घालवायचा?

म्हणून हल्ली मी स्प्लिट-स्क्रीनच लावतो. चौघं मित्र, एक टीव्ही. टचड्राइव्ह लावताना जो सापडेल, त्याने चहा करायचा.