भावाच्या शेजारचा रकाना

वडिलांच्या कपाटात १९८०च्या दशकातली एक वही सापडली. तीत वर्तमानपत्रांतल्या शेअरभावांची कात्रणे चिकटवलेली होती. कंपनीचे नाव आणि भाव, एवढेच. त्या दिवशी किती शेअरांची खरेदी-विक्री झाली, हे कोणत्याच कात्रणात नव्हते. आज मी संध्याकाळी बाजाराची ‘भावकॉपी’ उघडतो तेव्हा भावाच्या शेजारीच उलाढालीचा आकडा असतो. त्या रकान्याचे मोल जोखण्यासाठी मी १८६५ सालच्या मुंबईकडे वळलो.

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशातून बँका आणि जमीन भरावाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. या लाटेच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद होते. बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. बरेचसे सौदे वायद्याचे होते. हिशेब चुकता करण्याचा दिवस होता १ जुलै १८६५. एप्रिलमध्ये जनरल ली शरण आला, युद्ध संपत आले, कापूस कोसळला. जुलै उजाडला तेव्हा देणेकऱ्यांकडे पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. दिनशा वाच्छांनी १९१०मध्ये या पर्वावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

रोजची उलाढाल छापली जात असती, तर लोक सावध झाले असते का?

न्यूयॉर्कमध्ये १८६७पासून टिकर यंत्राच्या कागदी फितीवर भाव उमटू लागले. पुढे ही फीत वाचणाऱ्यांची एक परंपराच तयार झाली. चार्ल्स डाऊ यांनी भाव आणि उलाढाल यांची सांगड घातली. रिचर्ड वायकॉफ यांनी १९१०मध्ये फीतवाचनावर पुस्तक लिहिले. त्यांच्या शिकवणीचे सार असे : भाव चढताना उलाढालही वाढली, तर चढाला बळ आहे. भाव चढतो पण उलाढाल आटत जाते, तर नवे खरेदीदार संपत आले आहेत. उलाढाल प्रचंड, पण भाव जागचा हलत नाही, तर कोणीतरी मोठा माणूस शांतपणे माल विकत असावा. ‘आज खरेदीदार जास्त होते’ हे वाक्य मात्र चूक; विकल्या गेलेल्या प्रत्येक शेअरला एक घेणारा असतोच.

हे नियम १८६५ला लावून पाहिले, आणि मी थबकलो. वायद्यात तोच शेअर ताबा न घेता पुन्हा पुन्हा विकता येतो. त्यामुळे त्या तेजीत भावाबरोबर उलाढालही फुगलेलीच दिसली असती. फीत वाचणाऱ्याने ‘चढाला बळ आहे’ असाच कौल दिला असता. म्हणजे दुसरा रकानाही पुरेसा नव्हता.

राष्ट्रीय शेअर बाजार आज रोज तिसरा आकडा देतो : डिलिव्हरीचा. दहा लाख शेअरांची उलाढाल झाली आणि त्यातल्या एकाच लाखाची डिलिव्हरी झाली, तर बाकीचे नऊ लाख सकाळी घेऊन दुपारी विकलेले, किंवा विकून परत घेतलेले. डिलिव्हरीही घेणाऱ्याच्या मनातले कारण सांगत नाही. पण कोणीतरी पूर्ण पैसे मोजून माल घरी नेला, एवढे ती नक्की सांगते. १८६५च्या मुंबईत नेमका हाच प्रश्न विचारायला हवा होता.

वडिलांची वही मी पुन्हा उघडली. उलाढालीचा आकडा तीत नव्हताच. पण शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, टपालाने घरी आलेल्या शेअर प्रमाणपत्रांचे क्रमांक एकाखाली एक लिहिलेले होते.