तारेचा भाव, पट्टीचा भाव

मनगट आम्हा कवींच्या कामी येते ते जोर दाखवायला. प्रत्यक्षात माणूस घसरला की आधी तळहात टेकतो आणि मोडते ते हेच मनगट. उतारवयातल्या बायकांचे तर फारच.

डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलेस यांनी १८१४ मध्ये या अस्थिभंगाचे वर्णन लिहिले. क्ष-किरणांना अजून ८१ वर्षे अवकाश होता! हात चाचपून त्यांनी ताडले, की हा सांधा निखळलेला नाही, हाड मोडले आहे. पुढे प्लास्टर आले. १९०९ मध्ये जर्मनीच्या मार्टिन किर्शनर यांनी पोलादी तार वापरात आणली, आणि २००० च्या सुमारास तळहाताच्या बाजूने बसवायची, स्क्रू जिच्यातच घट्ट बसतात अशी धातूची पट्टी आली. ठिसूळ हाडही ती धरून ठेवते. पण तारेपेक्षा कितीतरी महाग.

आमच्या खालाचे मनगट मोडले तेव्हा डॉक्टरांनी कागदावर दोन आकडे लिहून दिले, तारेचा आणि पट्टीचा. घरात सगळ्यांना वाटले, महाग तेच मजबूत. शिवाय स्वस्त निवडावे तर म्हातारीच्या हातावर पैसे वाचवल्यासारखे दिसते. अशा वेळी घासाघीस कोण करणार?

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न ४६१ रुग्णांवर तपासला गेला. २०१४ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर तारवाल्यांचे आणि पट्टीवाल्यांचे हात सारखेच चालत होते. तारेमुळे रुग्णामागे ७०० पौंडांहून अधिक वाचत होते. अर्थात, हे हाड न उघडता बसवता येणाऱ्यांपुरते. सांध्याचा चुरा झाला असेल तर पट्टी लागू शकते, हेही सांगायला हवे. २०२२ च्या दुसऱ्या अभ्यासात तारेसमोर नुसते प्लास्टर ठेवले. वर्षाअखेर फरक नव्हता. मात्र प्लास्टरवाल्यांपैकी आठातल्या एकाला नंतर शस्त्रक्रिया लागली.

आपल्याकडे २०१७ मध्ये आधी हृदयातील स्टेंट आणि मग गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली. मनगटाची पट्टी त्यात नव्हती. १ एप्रिल २०२० पासून सारीच वैद्यकीय साधने कायद्याने औषधांत मोडू लागली आणि छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायला बंदी आली. पहिल्यांदा किती छापायची, यावर मात्र त्या नियमात बंधन नव्हते.