रबराचा पाठ

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. जुन्या यंत्राच्या इतिहासाचे साधन मात्र ते यंत्रच असते. आणि त्यातला सर्वांत अल्पायुषी भाग म्हणजे रबर.

उदाहरणादाखल म्हैसूरची 250 सीसीची जावा घेऊ. प्रागच्या यानेचेक यांनी 1929 मध्ये जर्मन 'वान्डरर' मोटरसायकलीचे हक्क घेतले, तेव्हा दोन नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव जन्मले. म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात 1961 पासून ती बनू लागली, पुढे 'येझदी' झाली, आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. गाड्या मात्र उरल्या. त्यांचे लोखंड घासूनपुसून पुन्हा उजळते. हातमुठी, पायाखालची रबरे, टाकीच्या दोन्ही अंगांची गुडघ्याची रबरे मात्र कडक होऊन तडकतात.

याचे कारण रबराच्या जन्मातच आहे. चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये आढळले की गंधकासह तापवलेले रबर उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत ठिसूळ होत नाही. गंधक रबराच्या लांब रेणूंना एकमेकांशी बांधतो. पुढे हवेतला प्राणवायू हे बंध वाढवीत आणि साखळ्या तोडीत राहतो. ताणलेल्या जागी ओझोन भेगा पाडतो. गाडी न वापरता झाकून ठेवली, तरी ही क्रिया थांबत नाही.

म्हणून जुने रबर काढताना घाई करू नये. मुठीच्या कडेखाली बोथट, पातळ सळई सरकवून साबणाचे पाणी सोडावे आणि मूठ हळूहळू फिरवावी. न सुटल्यास कापावी. कापण्यापूर्वी छायाचित्र काढून मापे टिपावीत. नवे रबर गरम पाण्यात मऊ करून साबणाच्या पाण्यावर चढवावे. तेल वा ग्रीस लावू नये, त्याने नैसर्गिक रबर फुगते. उजवी मूठ बसवल्यावर सोडताच आपोआप मागे येते ना, हे पाहावे.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही. जावात किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा असतो. त्याचे रबर कोठे झिजले आहे, यावरून चालवणाऱ्याच्या पायाची सवय वाचता येते. नवे रबर चढवताच तो मजकूर पुसला जातो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना सुकथनकरांनी गाळलेले पाठ फेकून दिले नाहीत, ते तळटीपांत जपले. काढलेले रबरही तसेच, चिठ्ठी लावून, डब्यात ठेवावे.

मूळ जपण्याच्या आग्रहालाही मर्यादा आहे. पेट्रोलची नळी जुनी ठेवणे हा इतिहासप्रेमाचा नव्हे, अविचाराचा भाग होय. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात जुने रबर लवकर खराब होते, आणि गळती म्हणजे आगीला आमंत्रण. तेथे इथेनॉल सोसणारी नवी नळीच हवी. काय बदलावे आणि काय राखावे याचा विवेक ज्याला साधला, त्याची गाडी रस्त्यावर धावते आणि तिचा इतिहासही सोबत राहतो.